शासनाचे स्थैर्य आणि शासनाची जबाबदारी



राज्यपद्धतींचा विषय निघाला की राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही अशी यादी सांगून मोकळे होण्याची चाल आहे. त्या यादीत मी आपणांस गुंतवून ठेवीत नाही. पहिल्या दोहोंविषयीचा निवाडा आपण केव्हाच देऊन चुकलो आहोत. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. लोकशाही पत्करल्यावर ज्याच्या हाती कारभार दिला, त्याला मुदत संपेपर्यंत निर्धास्त बसू द्यावयाचे, की रोज त्याच्याकडे हिशेब मागावयाचा? पहिली पद्धत अमेरिकेची, दुसरी इंग्लंडची. भारताने अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत स्वीकारावी, अशी सूचना आपल्याकडे अधूनमधून होत असते. ती स्वीकारल्यास आपल्या पदरचे काय जाईल, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी याच प्रश्नाची फोड केली. लोकशाहीतील शासन स्थिर असावे आणि जबाबदारही असावे. परंतु हे दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अद्याप कोणालाही सापडलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अमेरिकेत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी; इंग्लंडात याच्या उलट. अमेरिकेत शासनाची झडती निवडणुकीच्या वेळी होते. संसदीय पद्धतीत ती निवडणुकीत तर होतेच. शिवाय प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वासाचा ठराव या मार्गांनी रोजच्या रोज होत राहते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मान दिला, तो याकरिता.

अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो. त्याचे मंत्री काँग्रेसचे सभासद असू शकत नाहीत, आणि काँग्रेसने धोरण फेटाळले तरी कोणाची खुर्ची हलत नाही. मुदतीपूर्वी त्याला पदावरून दूर करण्यास महाभियोग हाच मुख्य मार्ग. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन, १९९८ साली बिल क्लिंटन आणि २०१९ व २०२१ असे दोनदा डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवले. सिनेटने एकदाही दोषी ठरविले नाही. मात्र त्या पद्धतीचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. तेथील सभासद स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्धही मत देऊ शकतो, कारण त्याच्या मताने सरकार पडत नसते.

आपल्याकडे घटनेच्या ७५ व्या कलमान्वये मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीतीने जबाबदार आहे. याची किंमतही मोजावी लागते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले आणि कारगीलचे युद्ध काळजीवाहू सरकारला लढावे लागले. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन सार्वत्रिक निवडणुका चार वर्षांत झाल्या. तेव्हा स्थैर्य मागणारा मनुष्य मूर्ख नव्हे.

परंतु आपल्या घरातला एक दाखला पाहा. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात बदल करावयाचा, तर ३४१ व्या कलमानुसार तो संसदेच्या कायद्यानेच होतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्र शासनाने आपल्या कक्षेत सवलती दिल्या खऱ्या, तथापि केंद्राच्या नोकऱ्या व राखीव मतदारसंघ यांचे दार बौद्धांना बंद राहिले. मधल्या काळात भक्कम बहुमताची सरकारे आली. १९८४ सालच्या सरकारपाशी तर चारशेंहून अधिक जागा होत्या. दार उघडले ते १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या कारकीर्दीत. त्याला स्वतःचे बहुमत नव्हते आणि ते एक वर्षही टिकले नाही! एका दाखल्यावरून सिद्धांत बांधणे वकिलाला शोभत नाही. आपल्या माणसांनी चौतीस वर्षे लावून धरलेली मागणीही त्यामागे होती. पण इतके निश्चित की, आपले काम अडले होते ते स्थैर्याच्या अभावी नव्हे.

संसदीय पद्धतीचे नाव पुरेसे आहे, असेही कोणी समजू नये. १९७५ च्या आणीबाणीत संसद होती. परंतु विरोधी सभासद तुरुंगात होते आणि प्रश्नोत्तरांचा तास बंद होता. १९७६ साली तर लोकसभेने आपलीच मुदत वाढवून घेतली. झडती घेणाराच गप्प बसविला, म्हणजे जबाबदारी कागदावर उरते.

आज हाच धोका अधिक सभ्य वेषात वावरतो. १९८५ साली पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट घटनेत आले. आमदार-खासदारांचा बाजार थांबावा, हा त्याचा हेतू योग्यच होता. पण त्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचे सभासदत्व जाऊ शकते, मग प्रश्न सरकार टिकण्याचा असो वा एखाद्या साध्या विधेयकाचा. राखीव जागेवर निवडून आलेला आपला प्रतिनिधी आपल्याच हिताविरुद्धच्या विधेयकाला हात वर करताना दिसला, तर त्याला दोष देण्यापूर्वी हे परिशिष्ट वाचावे. अमेरिकेच्या सभासदाला जे स्वातंत्र्य आहे ते याच्यापाशी नाही. आणि इंग्लंडच्या सभासदाने आदेश मोडला, तर पक्ष त्याला काढील, पण त्याची जागा जात नाही. म्हणजे या बाबतीत आपण दोन्ही पद्धतींतील उणे तेवढे उचलले, असे माझे मत आहे.

ही अपात्रता विश्वासदर्शक वा अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवावी, अशी शिफारस गोस्वामी समितीने १९९० सालीच केली होती. ती अद्याप कायद्यात उतरलेली नाही. आपल्या भागाचा खासदार भेटावयास येईल, तेव्हा या शिफारशीविषयी त्याचे मत काय, हे त्याला सर्वांसमक्ष विचारावे.