सीताबर्डीची रात्र

नागपुरांत महालाच्या सीमेवर जी वेस उभी आहे, तिला आज गांधी दरवाजा म्हणतात. पूर्वीं तो जुमा दरवाजा होता. भोसल्यांचें स्वातंत्र्य सीताबर्डीच्या लढाईंत गेलें, हें शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतें. त्या युद्धाचा शेवट मात्र या दरवाजापाशीं झाला, ही आठवण थोड्यांस असते.

आप्पासाहेब भोसल्यांनीं १८१६ च्या मे महिन्यांत इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. पुढील वर्षीं ५ नोव्हेंबरास पेशव्यांनीं खडकीस इंग्रजांवर शस्त्र उचललें, आणि २४ तारखेस आप्पासाहेबांनीं त्यांच्याकडून आलेलीं सेनासाहेबसुभ्याचीं वस्त्रें भर दरबारांत स्वीकारलीं. रेसिडेंट जेन्किन्स दरबारास गेला नाहीं. काय तें ओळखून त्यानें तेलंखेडीची फौज सीताबर्डीवर आणविली. छापा घालावयाचा, आणि दोन दिवस आधीं दवंडी पिटावयाची!

२६ च्या सायंकाळीं तोंड लागलें. इंग्रजांकडे सुमारें १,४०० माणसें. भोसल्यांची फौज त्यांच्या दसपटीहून अधिक. रात्रभर झुंजून सकाळीं अरबांनीं लहान टेकडी काबीज केली. यश हाताशीं आलें होतें. इतक्यांत कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनीं मैदानांतील तोफा हिसकावल्या, टेकडीवर दारूचा स्फोट होऊन अरबांत गोंधळ उडाला, आणि दुपारपर्यंत सारा रंग पालटला.

मग आप्पासाहेबांचे वकील रेसिडेंटकडे गेले. हल्ला आपल्या हुकुमानें झालाच नाहीं, असें त्यांचें म्हणणें. शिपायांनीं ज्यासाठीं रक्त सांडलें, तें धन्यानेंच नाकारावें, याहून दुसरा पराभव तो कोणता? डोव्हटनची फौज येतांच १६ डिसेंबरास ते स्वतः इंग्रजांच्या हवालीं झाले. अरब मात्र शहरांत शिरले आणि राजवाडा धरून बसले. राजा रेसिडेन्सींत, लढणारे महालांत! २४ तारखेस जुमा दरवाजावरील इंग्रजांचा हल्ला त्यांनीं परतवला, आणि ३० ला सुखरूप वाट मिळण्याच्या अटीवर ते बाहेर पडले.

जानेवारी १८१८ च्या तहानें नर्मदेकडील मुलूख गेला, आणि सीताबर्डीची टेकडीही किल्ला बांधण्यास द्यावी लागली. मार्चमध्यें आप्पासाहेब कैद झाले. मे महिन्यांत वाटेंतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास राहिले, आणि १८४० त दूर जोधपुरास वारले. गादीवर दुसऱ्या रघूजींचा अल्पवयी दौहित्र दत्तक बसला, कारभार बांकाबाईंकडे आणि नाडी रेसिडेंटच्या हातीं. हे तिसरे रघूजी १८५३ त निपुत्रिक गेले. पुढील वर्षीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. बांकाबाई तेंही पाहण्यास हयात होत्या.