सलामी आणि जाब

(रेडिओवरील भाषण)



वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातले सर्वांत मोठे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या एका शेडला आग लागली आणि पाठोपाठ स्फोट झाले. आजूबाजूच्या गावांतली माणसे लेकरे कडेवर घेऊन अंधारात रस्त्यावर आली. आग विझवायला धावलेल्यांपैकी किमान १६ जणांचा जीव गेला. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि सर्वांत जास्त होते ते भांडारातले अग्निशमन कर्मचारी. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर पुलगावला आले, लष्करप्रमुख आले. देश हळहळला. हळहळायलाच हवे होते.

अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ला सकाळी, याच भांडाराच्या सोनेगावजवळच्या मैदानावर पुन्हा स्फोट झाला. जबलपूरच्या खमारिया आयुध निर्माणीतून आलेला जुना, बाद झालेला दारूगोळा तिथे नष्ट केला जात होता. सहा माणसे गेली. एक निर्माणीचा कर्मचारी, आणि बाकीचे आसपासच्या गावांतून ठेकेदाराने कामाला आणलेले मजूर. दोन-तीन दिवस बातम्या आल्या, मग थांबल्या.

जागा एक आणि दारूगोळाही एकाच फौजेचा. मग पहिल्या मरणाला देशाचा शोक आणि दुसऱ्याला जिल्ह्याच्या पानावरची बातमी, असे का? सैनिकाचे मरण आणि कामावरच्या इतर माणसाचे मरण यांत फरक करावा की करू नये, या प्रश्नावर आज मला बोलायचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगते. सैनिकाच्या मरणाला वेगळा मान आहे, आणि तो असावा. काही जण म्हणतात, सैनिक पगार घेतो, कामगारही पगार घेतो. नोकरी ती नोकरी, तिथले मरण ते मरण. हे म्हणणे मला पटत नाही. कारखान्यातला माणूस जीव घाबरला तर हिशेब मागून घरी जाऊ शकतो. सैनिकाला ती वाट बंद असते. आपल्या संविधानाच्या ३३व्या अनुच्छेदाने सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. १९५०च्या लष्कर कायद्यात, प्रत्यक्ष मोहिमेवर असताना पळून जाणाऱ्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आहे. म्हणजे सैन्यात भरती होताना तो तरुण ‘मी जाणार नाही’ म्हणण्याचा हक्क आपल्या स्वाधीन करतो. आपल्या म्हणजे तुमच्या-माझ्या. सरकार आपण निवडतो, आणि हुकूम सरकारचा असतो.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. तिथे पिढ्यान् पिढ्या घराघरांतून माणसे फौजेत जात आली. अशा गावातल्या आईला ठाऊक असते की पोराला कुठे पाठवायचे हे दुसरे कुणी तरी ठरवणार आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये सियाचीनला हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यांत एक सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा होता. शत्रूची गोळी कुणालाच लागली नव्हती. १९८४पासून सियाचीनवर आपले जितके सैनिक गेले, त्यांतले बहुतेक थंडीने, विरळ हवेने, हिमकड्यांनी गेले. तरी त्यांचा मान तसूभरही कमी होत नाही, कारण ते तिथे आपल्या हुकमाने उभे होते. आपण ज्याला पाठवले, तो परत आला नाही, तर त्याच्यासाठी गाव थांबले पाहिजे, बाजार बंद झाला पाहिजे, जिल्हाधिकाऱ्यांनी हात जोडून उभे राहिले पाहिजे. ती मानवंदना म्हणजे त्याला पाठवणाऱ्यांनी दिलेली कबुली असते.

आता हाच निकष घेऊन सोनेगावच्या मैदानावर या. तिथल्या मजुराला कुणी पाठवले होते? कागदावर ठेकेदाराने. पण काम कुणाचे होते? देशाच्या संरक्षणाचे. फौजेला दारूगोळा लागतो, तो जुना होतो, आणि जुना झाला की कुणीतरी तो हातांनी उचलून, वाहून, नष्ट करावा लागतो. सैनिकाच्या हाती चांगले काडतूस पडावे म्हणून खराब काडतूस कुणाच्या तरी हाती पडते. तो मजूर देशाच्याच कामावर होता. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता, एवढेच.

आणि त्याला ‘नाही’ म्हणता येत होते का? कायद्याने निदान धोका दाखवता येत होता. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिवाला धोका दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या नजरेला आणून देण्याचा हक्क धोकादायक कामावरच्या कामगाराला मिळाला. पण रोजंदारीच्या मजुराने धोका दाखवला तर त्याला उत्तर काय मिळते, हे आपण सगळे जाणतो. ‘उद्यापासून येऊ नको.’ कोरडवाहू कपाशीवर ज्याचे घर चालत नाही, त्याला हे एक वाक्य पुरते. सैनिकाचा नकार कायदा काढून घेतो, मजुराचा नकार गरिबी काढून घेते. पाठवणारे दोन्हीकडे आपणच आहोत, फक्त दुसऱ्या ठिकाणी आपण ठेकेदाराच्या आड उभे असतो.

विदर्भातल्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे. आणि नागपूरजवळ बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांतल्या सहा बायका होत्या. २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळले, आठ कामगार गेले. दोनच दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता. दिल्लीच्या कर्तव्यपथावर रणगाडे आणि क्षेपणास्त्रे आपण अभिमानाने पाहिली. ज्यांच्या हातांनी शस्त्रांत दारू भरली जाते, त्यांच्या घरी त्या दिवशी सुतक होते.

दोन मरणांनंतर काय काय होते, ते जरा शेजारी शेजारी ठेवून पाहू. सैनिकाचे पार्थिव तिरंग्यात लपेटून गावात येते. रस्त्यावर रांगोळ्या असतात, शाळेची मुले दुतर्फा उभी असतात, ट्रॅक्टरची ट्रॉली फुलांनी सजवलेली असते. पालकमंत्री येतात. बंदुकीच्या फैरी झडतात, झेंड्याची घडी पत्नीच्या हातात दिली जाते. कामगार जातो तेव्हा पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. शवविच्छेदनगृहाबाहेर नातेवाईक बसून राहतात. मग कारखान्याच्या फाटकाशी गर्दी जमते आणि गावकरी म्हणतात, भरपाईचे लेखी आश्वासन मिळेपर्यंत मृतदेह ताब्यात घेणार नाही. विचार करा, ज्या घरातला माणूस गेला त्या घराला त्याचाच देह तारण ठेवल्यासारखा वापरावा लागतो, कारण दहन झाले की कुणी विचारणार नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. रडायचे सोडून त्यांना घासाघीस करावी लागते. आपल्या समाजाने त्यांच्याकडून शोक करण्याची उसंतही काढून घेतली आहे.

पैशाचा हिशेबही बोलका आहे. केंद्राच्या २०१६पासूनच्या नियमांत सैनिकाच्या वारसांना मिळणारी सानुग्रह रक्कम मरण कसे आले यावर ठरली: कर्तव्यावरच्या अपघातात २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत किंवा ठरवून दिलेल्या अतिउंच, दुर्गम ठिकाणी ३५ लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख. त्यात माणसाचा पगार पाहिला नाही. कामगाराच्या बाबतीत १९२३च्या कायद्यापासून चालत आलेले सूत्र वेगळे आहे. तिथे भरपाई मजुरी आणि वय यांवरून काढतात. ज्याची मजुरी कमी, त्याचे मरण स्वस्त.

शोकातली विषमता आकड्यांतही दिसते. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली. मुंबई अग्निशमन दलाचे जवान आग विझवत असतानाच जहाज फुटले, थोड्या वेळाने दुसऱ्यांदा फुटले, आणि दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. फार योग्य गोष्ट आहे ती. पण त्याच गोदीत त्या दुपारी पाठीवर ओझी वाहणारे शेकडो हमालही मेले. किती? आजही तो आकडा अंदाजाने सांगतात. अग्निशामकांची संख्या नेमकी माहीत आहे, कारण त्यांचा हजेरीपट होता. ज्याचे नाव कुठल्याच वहीत नव्हते, त्याच्या मरणाचीही मोजदाद झाली नाही. शोकाची पहिली पायरी नाव लिहून ठेवणे ही आहे. ती पायरीच नसेल तर पुढची कुठलीही पायरी चढता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल. सगळ्यांनाच मानवंदना दिली तर सैनिकाच्या मानवंदनेचे मोल काय उरले? मी कामगाराच्या सरणाशी बंदुकीच्या फैरी मागत नाही. दोघांचे आपल्यावरचे ऋण वेगवेगळे आहे. सैनिकासमोरचा धोका शत्रूने आणि निसर्गाने उभा केलेला असतो. कितीही काळजी घेतली तरी तो पुरता नाहीसा होत नाही. म्हणून त्याला आधी कृतज्ञता द्यायची. कामगारासमोरचा धोका बहुतेक वेळा माणसांनी उभा केलेला असतो. कुठे प्रशिक्षण दिलेले नसते, कुठे तपासणी कागदावरच झालेली असते, कुठे एका शेडमध्ये ठरल्यापेक्षा जास्त माणसे असतात. तो धोका टाळता येतो. म्हणून कामगाराच्या मरणाला आधी जाब द्यायचा. चौकशी झाली पाहिजे, अहवाल बाहेर आला पाहिजे, दोषी असेल त्याला शिक्षा झाली पाहिजे. कामगाराचा खरा सन्मान यात आहे.

आणि हा जाब सैनिकालाही हवा आहे. हे मी जास्त आग्रहाने सांगते. २०१६च्या पुलगावच्या स्फोटानंतर सदोष भूसुरुंगांचा प्रश्न पुढे आला होता. म्हणजे जे अधिकारी आणि अग्निशामक गेले, त्यांच्या मरणातही विचारण्यासारखे पुष्कळ होते. पण सलामीचा आवाज इतका मोठा असतो की त्यात प्रश्न ऐकू येत नाहीत. हुतात्मा म्हटले की चौकशी करणे म्हणजे अपमान, असे काही लोकांना वाटू लागते. माझ्या मते चौकशी न करणे हा अपमान आहे. ज्या जवानाचा जीव खराब सुरुंगाने, जुनाट वाहनाने किंवा चुकीच्या निर्णयाने गेला, त्याच्या साथीदारांना वाचवायचे असेल तर हार घालून थांबता येणार नाही.

आपल्याकडे मरणाचा मान कसा ठरवत, हे पाहायचे तर गावाबाहेरचे वीरगळ पाहावेत. महाराष्ट्रात देवळांशेजारी, शेतांच्या बांधावर असे दगड शेकड्यांनी आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. त्यांत राजाच्या लढाईत पडलेले आहेत, तसेच गावची गुरे चोरांकडून सोडवताना मेलेलेही आहेत. असे मरण आलेला प्रत्येक जण फौजेतला असेलच असे नाही. तो गावासाठी गेला हे गावाला माहीत होते, म्हणून गावाने दगड कोरला. मुंबईच्या हुतात्मा चौकातही मशाल हाती घेऊन उभे आहेत ते एक कामगार आणि एक शेतकरी. कष्टकऱ्याच्या मरणाला मान देणे आपल्याला नवे नाही.

कोकण रेल्वेने तर हे अलीकडे करून दाखवले आहे. डोंगर फोडून, मऊ मातीत बोगदे खणून हा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. त्या कामात प्राण गेलेल्यांसाठी रत्नागिरी स्थानकात श्रमशक्ती स्मारक उभे आहे, आणि तिथे श्रद्धांजली वाहिली जाते. एका रेल्वेला जे जमले ते दारूगोळा भांडाराला, आयुध निर्माणीला, वीज कंपनीला, महानगरपालिकेला का जमू नये? खांबावर चढलेला वायरमन, गटारात उतरलेला सफाई कामगार, रुळांवर गस्त घालणारा ट्रॅकमन, हे सगळे आपल्याच कामावर गेलेले असतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, जिथे जिथे कामावर माणूस गेला, त्या प्रत्येक कारखान्याच्या आणि कार्यालयाच्या दर्शनी भागात त्याचे नाव लावावे, मग तो कायम असो, कंत्राटी असो की रोजंदारीवरचा. दुसरी, चौकशीचा अहवाल त्या घराला मराठीत, हातात मिळावा, आणि तो द्यायला जबाबदार अधिकाऱ्याने घरी जावे. तिसरी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. १ मे हा महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही आहे. त्या दिवशी गावोगावी झेंडावंदन होते. त्या झेंड्याखाली गावातून फौजेत जाऊन परत न आलेल्यांची नावे वाचा, आणि त्याच यादीत, त्याच आवाजात, कामावर जाऊन परत न आलेल्यांचीही नावे वाचा. यादी आतापासून करायला घ्या. तुमच्या गावात ही नावे कुणाला ना कुणाला पाठ असतील.

सैनिकाच्या वाट्याचा मान एका कणानेही कमी करू नका. पण ज्या दिवशी मजुराच्या घरच्यांना मृतदेह अडवून धरायची वेळ येणार नाही, त्या दिवशीच आपल्या सलामीला खरा अर्थ येईल. कारण त्या दिवशी या देशात माणसाला कामावर पाठवणारे त्याच्या जिवाची जबाबदारी घेतात, असे आपल्याला म्हणता येईल.