नावे तीच, नौका नव्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आपले भारतीय नौदलही तीच रीत पाळते. निवृत्त युद्धनौकेचे नाव कालांतराने नव्या नौकेला दिले जाते आणि एका पिढीचा लौकिक दुसरीच्या हाती येतो. नावांच्या या वंशावळीतून आपल्या आरमाराची वाढ कशी वाचता येते, एवढेच आज आम्हांस मांडावयाचे आहे.

१९४८ साली आपण ब्रिटनकडून एक जुनी क्रूझर विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात ‘अकिलीज’ या नावाने लढलेली ही नौका आपल्याकडे येऊन ‘दिल्ली’ झाली. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली. १९९७ साली त्याच नावाची विनाशिका नौदलात दाखल झाली, ती मात्र मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली होती. ‘विक्रांत’ची कथा अशीच आहे. ब्रिटिशांनी अर्धवट सोडलेली विमानवाहू नौका पूर्ण करून १९६१ साली बेलफास्ट येथे आपल्या ताब्यात आली. २०२२ ची ‘विक्रांत’ कोचीच्या गोदीत घडली. १९७२ ची ‘नीलगिरी’ माझगावात बांधली गेली खरी, पण तिचा आराखडा ब्रिटिश होता. २०२५ साली दाखल झालेल्या ‘नीलगिरी’चा आराखडाही आपल्याच नौदलाचा. विकत घेणे, परक्या आराखड्याने बांधणे आणि स्वतः आराखडा करणे, या तीन पायऱ्या या तीन नावांतच दिसतात.

नावांच्या निवडीतही एक शिस्त आहे. विनाशिकांना बहुधा शहरांची, फ्रिगेट नौकांना पर्वतांची, नद्यांची वा शस्त्रांची नावे मिळतात. ‘गंगा’, ‘गोदावरी’, ‘हिमगिरी’, ‘मैसूर’, ‘चेन्नई’ अशी यादी वाचता वाचता अवघा देश डोळ्यांपुढे उभा राहतो. २०२३ साली मुंबईत बांधलेल्या विनाशिकेला ‘इंफाळ’ हे समुद्रापासून दूर असलेल्या ईशान्येकडील नगरीचे नाव लाभले. शिवछत्रपतींनी १६७९ साली मुंबईनजीकच्या ज्या बेटावर तटबंदी उभारली, त्या खांदेरीचे नाव १९६८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये पाणबुडीला मिळाले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस ही नावे ऐकून आपलेपणा वाटतो. मणिपुरी माणसालाही ‘इंफाळ’ ऐकून तसेच वाटत असेल.

परंतु नाव पुढे चालविले म्हणजे स्मरण झाले काय, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवनजीक ‘खुकरी’ला पाकिस्तानी पाणबुडीने जलसमाधी दिली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक कामी आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपली नौका सोडली नाही. १९८९ साली नवी ‘खुकरी’ आली, तिने बत्तीस वर्षे सेवा केली आणि २०२१ अखेर निवृत्त झाल्यावर ती दीव येथेच लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. जिथे पहिली बुडाली, त्या किनाऱ्यावर दुसरी विसावली. याउलट १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविलेली जुनी ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे तिचा लिलाव झाला आणि २०१४ साली ती मुंबईतच तोडली गेली. नाव उरले, पण मुलाबाळांना बोटाने दाखवावे असे त्या नौकेचे फारसे काही उरले नाही.

नाव जपणे सोपे असते. त्या नावामागे कोण होते, हे पुढील पिढीला सांगत राहणे अवघड असते. पन्नास वर्षे एकच नाव धारण करणाऱ्या आपल्या मंडळालाही हा विचार लागू आहे. आपल्यांतील काही संस्थापक आज हयात नाहीत. या स्मरणिकेच्या पानांवर त्यांची केवळ छायाचित्रे न उरता, त्यांनी काय सोसले व काय उभारले तेही मुलांना कळावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.