वचन घरांत राहावें म्हणून

ज्युबिलीच्या या आनंदांत आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. शुभवर्तमानांतील वचनें तोंडपाठ म्हणणाऱ्या मुलांना आम्हीं पुष्कळ वर्षें बक्षिसें वांटलीं. त्यांतल्याच मुलांना पुढच्या आगमनकाळीं विचारलें, तों निम्मीं पहिल्या शब्दालाच अडखळलीं. दोष मुलांचा नव्हे. बक्षीस देऊन आम्हींच तें वचन सोडून दिलें होतें.

फादर स्तीफन्स यांनीं इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें ‘ख्रिस्तपुराण’ छापविलें, तें ओवींत. कारण ओवी कानांत बसते. तीच वाट घरीं धरावी. संध्याकाळच्या जपमाळेनंतर आठवड्यास एकच वचन, आधीं अर्थ सांगून, सर्वांनीं मोठ्यानें म्हणावें. तेविसाव्या स्तोत्राचीं सहा वचनें सहा आठवड्यांत होतात. सातव्या आठवड्यांत मात्र नवें घेऊं नये. पहिल्याकडे परतावें, महिन्यानें पुन्हां परतावें. बापानेंही म्हणावें, आणि तो चुकल्यास मुलानें सुधारावें. (हें कित्येकांना जड जातें!)

एका दृष्टि गेलेल्या आजीला पवित्र तेल लावावयास आम्ही गेलों होतों. आम्हीं स्तोत्र आरंभिलें, तों तिचे ओठ आमच्या पुढें धांवूं लागले. कोणीं शिकविलें, असें विचारतां ती म्हणाली, “आईनें, भात कांडतांना.”