सहा मिनिटांचं इंग्रजी

गटाची बैठक म्हटली की बचत, हप्ते, बँकेची कामं. गेल्या वर्षी अशाच एका बैठकीत एक ताई हप्ता भरून झाला तरी उठेनात. म्हणाल्या, "पोरगी नववीच्या सहामाहीत इंग्रजीत नापास झाली. तिचे वडील म्हणतात, दहावीलाही असंच झालं तर शाळा बास, स्थळं बघू."

आम्हा बऱ्याच जणींना इंग्रजी पाचवीत लागलं. आपल्या पोरींना ते पहिलीपासून आहे, सरकारनं २००० साली तसं केलं. तरी ही पोरगी दोन वाक्यं बोलताना अडत होती. तिनं इंग्रजी फळ्यावरून उतरवलं होतं, गाईडमधून पाठ केलं होतं. कानावर मात्र फारसं पडलंच नव्हतं. आपलं लेकरूसुद्धा आधी वर्षभर नुसतं ऐकतं, मग बोलतं ना?

म्हणून आम्ही पॉडकास्ट लावायचं ठरवलं. पॉडकास्ट म्हणजे आपल्या या रेडिओसारखाच कार्यक्रम, पण मोबाइलवर उतरवून ठेवता येतो. रेडिओवरचं वाक्य निसटलं की गेलं, इथं मागं घेऊन दहादा ऐका. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' आम्ही निवडला. दोघं जण गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, त्याचं उत्तर शेवटी देतात आणि मधे काही शब्द समजावतात. पैसे पडत नाहीत, आणि बोललेलं लिहिलेलंही त्यांच्या वेबसाइटवर मिळतं.

पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. देवळाच्या ओट्यावर स्पीकर लावून पोरींना अख्खा भाग ऐकवला. एकीलाही काही कळेना. दोघी तर रडकुंडीला आल्या. चूक आमची होती, त्यांना पेलेल एवढंच द्यायला हवं होतं.

मग एकच मिनिट घेतलं आणि मोबाइलवर वेग थोडा कमी केला. पहिल्यांदा कागद-पेन काही नाही, फक्त ओळखीचे शब्द पकडायचे. दुसऱ्यांदा लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून ऐकायचं. इथंच पोरींना खरी गंमत कळली. 'डिड यू' असं लिहिलेलं असतं, पण भरभर बोलताना ते 'डिजू' होतं! शब्द येत होता, कानाला ओळखू येत नव्हता. तिसऱ्यांदा एकेक वाक्य थांबवून मोठ्यानं म्हणायचं. हसू आलं तर हसायचं.

मोबाइल पोरीच्या हातात द्यायला घरचे कुरकुर करणारच. आम्ही तो आईच्याच हातात ठेवला. संध्याकाळी मेथी निवडता निवडता आई बटण दाबते, पोरगी ऐकते. आईला इंग्रजी यायला पाहिजे असं काही नाही. चित्र नसतं, नुसता आवाज, त्यामुळे डेटा कमी जातो. एकीनं उतरवलं की बाकीच्या ब्लूटूथनं घेतात.

एक मात्र सांगून ठेवतो. यानं व्याकरण आणि निबंध सुटत नाही. दहावीचा लेखी पेपर ८० गुणांचा, त्याला सराव लागतोच. तोंडीच्या २० गुणांना मात्र याचा उपयोग होतो, आणि वर्गात बाईंनी इंग्रजीत विचारलं तर मान खाली जात नाही.

त्या ताईंची पोरगी आता दहावीत आहे. घटक चाचणीत काठावर पास झाली. वडील अजूनही मधेच स्थळाचा विषय काढतात. ताई म्हणतात, "निकाल लागू द्या, मग बोलू." आणि मोबाइल चार्जिंगला लावतात.

तुमच्या गटात करून बघायचं असेल तर पुढच्या बैठकीला मोबाइल चार्ज करून आणा, आणि पोरींनाही सोबत आणा. पहिला भाग आम्ही उतरवून देऊ.