कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे?

चिखलीत आमच्या गल्लीत चोरी झाली, तेव्हा मीही दारावर कॅमेरा बसवला. महिनाभरात समोरच्या खाला ओट्यावर बसेनाशा झाल्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘बेटा, तुझ्या मोबाईलमध्ये आमचं अंगण दिसतं ना?’

मी खजील झालो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. तो खालांचाही आहे.

मी लगेच शिडी लावून कॅमेरा माझ्या फाटकाकडे वळवला. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्डही बदलला. नाहीतर बाहेरचा कुणीही त्यातून घरात डोकावू शकतो.

कॅमेरा जरूर बसवा. पण आधी शेजाऱ्याला त्यातलं चित्र दाखवा. रात्री हाक मारल्यावर धावून येणार आहे, तो शेजारीच.