परदेशातील महाविद्यालये आणि अर्जांची यादी

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची पदवी अमेरिकेत जाऊन घ्यावी, असे ज्या विद्यार्थ्याच्या मनात येते, त्याची पहिली यादी बहुधा कीर्तीच्या क्रमाने लिहिली जाते. जॉर्जटाउन, प्रिन्स्टन, टफ्ट्सचे फ्लेचर स्कूल, जॉन्स हॉपकिन्सची वॉशिंग्टनमधील संस्था. यादी मोठी डौलदार दिसते; परंतु तिच्यात दोन वैगुण्ये असतात, आणि ती अर्जांची मुदत टळल्यावर ध्यानात येऊन उपयोग नसतो.

पहिले वैगुण्य माहितीचे. १९३३ साली निघालेले फ्लेचर स्कूल आणि १९४३ साली निघालेली हॉपकिन्सची ती संस्था यांची ख्याती जगभर आहे खरी, पण ती पदव्युत्तर शिक्षणाची. नुकत्याच बारावी झालेल्या मुलाला तेथे प्रवेश नाही. टफ्ट्समध्ये पदवीपूर्व अभ्यासक्रम वेगळा आहे, आणि हॉपकिन्सचे पदवीचे विद्यार्थी बाल्टिमोरला शिकतात. नाव एक, दरवाजा दुसरा. जॉर्जटाउनचे परराष्ट्रसेवेचे विद्यालय मात्र पदवीपूर्व विद्यार्थी घेते. पण ते अर्जातच निवडावे लागते. प्रिन्स्टनला विषयाची निवड दुसरे वर्ष संपत आल्यावर होते. ज्याचे मन अद्याप इतिहास आणि अर्थशास्त्र यांत घुटमळत आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नव्हे.

जॉर्जटाउनचे हे विद्यालय १९१९ चे, म्हणजे १९२४ च्या कायद्याने अमेरिकेच्या परराष्ट्रसेवेला आजचे रूप आले त्याच्याही आधीचे. परंतु त्या सेवेत केवळ अमेरिकी नागरिकांनाच वाव आहे. आणि भारतीय परराष्ट्रसेवेत शिरण्यास लोकसेवा आयोगाची परीक्षा लागते, तिला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. मुलगा राजदूत होईल या आशेवर घर गहाण टाकणाऱ्या पालकाने एवढे तरी आधी जाणून घ्यावे.

दुसरे वैगुण्य तोलाचे. प्रिन्स्टनला शंभर अर्जदारांत पाचांच्या आसपास प्रवेश मिळतो, जॉर्जटाउनला आठांत सुमारे एकाला. अशी दहा नावे लिहिली म्हणजे एक तरी लागेलच, हा हिशेब सोडतीच्या तिकिटांचा झाला. दहाही ठिकाणी गुणपत्रिका तीच, शिफारसपत्रे तीच आणि उणिवाही त्याच जातात; एकाने ज्या कारणाने नाकारले, त्याच कारणाने दुसराही नाकारण्याचा संभव फार.

शिवाय पैशाची गोष्ट. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक साहाय्य मागितले, तर बहुतेक महाविद्यालये प्रवेशाचा निर्णय करतानाच ती मागणी विचारात घेतात. तसे न करणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट यांसारखी थोडीच. आणि तेथील चुरस सर्वश्रुत आहे. त्यामुळे जे महाविद्यालय एका मुलाला सहज साध्य, तेच तितक्याच गुणांच्या पण साहाय्याची गरज असलेल्या मुलाला दुरापास्त ठरते. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती हाती आल्यावर, आणि तिच्यासाठी दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. खर्चाचा प्रश्न तेव्हाही प्रस्थानापूर्वीच सोडवावा लागला.

म्हणून यादी तळापासून बांधावी. ज्या ठिकाणी आपले गुण तेथे नेहमी प्रवेश मिळणाऱ्यांहून स्पष्टपणे वरचे आहेत, चारही वर्षांचा खर्च झेपणारा आहे आणि जाण्याची वेळ आली तर मन खट्टू होणार नाही, अशी दोन नावे प्रथम शोधावीत. हे काम सर्वांत कठीण, आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. ज्या महाविद्यालयात जायचेच नाही, ते खात्रीचे कसले? वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत याच विषयाचे स्वतंत्र विद्यालय आहे. १९५७ साली त्याच्या पायाभरणीस राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. तेथे जॉर्जटाउनच्या मानाने पुष्कळच अधिक अर्जदारांना प्रवेश मिळतो. मिनेसोटातील मॅकॅलेस्टर हे लहानसे महाविद्यालय; संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झालेले कोफी अन्नान १९६१ साली तेथूनच पदवीधर झाले, तेही अर्थशास्त्र घेऊन. अशांपैकी कोणते कोणाला खात्रीचे, हे ज्याच्या त्याच्या गुणांवर आणि ऐपतीवर ठरेल. त्यानंतर तोलामोलाची चार-पाच, आणि सर्वांत शेवटी उंच उडीची दोन-तीन.

सामायिक अर्जातून वीस महाविद्यालयांपर्यंत अर्ज करता येतात. पण बहुतेक जण स्वतंत्र निबंध मागतात, आणि पंधराव्या निबंधात महाविद्यालयाचे नाव तेवढे बदललेले आहे हे वाचणाऱ्यास लगेच कळते. नोव्हेंबरातील बंधनकारक अर्ज एकाच ठिकाणी करता येतो; होकार आल्यास इतर अर्ज मागे घ्यावे लागतात. ज्या घराला निरनिराळ्या ठिकाणच्या साहाय्याची तुलना करावयाची आहे, त्याने या वाटेला सहसा जाऊ नये. नेहमीच्या अर्जांची उत्तरे बहुधा मार्चअखेर येतात, आणि होकार कळविण्याची मुदत साधारणपणे १ मेपर्यंत असते. तोवर येथील विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांचे अर्जही भरून ठेवलेले असावेत.